पापणीवरचा रातांबा

श्रीवर्धनात डोळ्यांचा दवाखाना काढला की पहिली ओळख होते ती सुपारीशी. असोली सुपारी सोलताना सालाची एखादी बारीक काडी उडते आणि नेमकी डोळ्यात जाते. मग मंडळी ती आधी पदराच्या टोकानं, मग फुंकरीनं, मग शेजारणीच्या जिभेनं काढायचा प्रयत्न करतात आणि हे सगळे तज्ज्ञ हरले की माझ्याकडे येतात. सुट्ट्यांच्या दिवसांत हरिहरेश्वरची वाळू डोळ्यांत चोळून घेतलेले पर्यटक येतात. एकदा एक गृहस्थ चुकून बायकोचा चष्मा घालून आले आणि मी नंबर चुकीचा दिला म्हणून माझ्याशी अर्धा तास भांडले. बायको बाहेर बाकावर बसली होती, तीही यांचा चष्मा घालून. मोतीबिंदू किती काढले ते मोजलेलं नाही. आता आठवड्यातून तीनच सकाळी बसते. हात अजून कापत नाही, पण जीभ पूर्वीपेक्षा तिखट झाली आहे, असं आमचे जुने कंपाउंडर सांगतात.

पण एवढ्या वर्षांत मला तोंडात बोट घालायला लावलं असेल तर ते मोतीबिंदूनं नाही. ते काम केलं तान्ह्या बाळांच्या पापणीवर येणाऱ्या एका लाल गाठीनं.

ही गाठ म्हणजे रक्ताच्या बारीक बारीक नळ्यांचा गुंता. वैद्यकीय नाव हिमँजिओमा. बाळ जन्मतं तेव्हा बहुतेक वेळा काही दिसत नाही, फार तर डास चावल्यासारखा एक ठिपका. दोन-तीन आठवड्यांत तो ठिपका लाल होतो, फुगतो, आणि पाहता पाहता पापणी झाकून टाकतो. आमच्याकडे याचं खापर हमखास आईवर फुटतं. गरोदरपणी ग्रहण पाळलं नाहीस, सुरी हातात धरलीस, लाल लुगड्याला हात पुसलास. यातलं काही खरं नाही. ही गाठ कॅन्सरची नाही, ती शरीरात पसरत नाही, आणि तिची एक अजब सवय आहे. पहिले काही महिने ती भराभर वाढते, मग थांबते, आणि मग काही वर्षांत आपली आपण विरघळून जाते. पुष्कळदा मागे राहते ती फक्त थोडी सैल, फिकट कातडी.

म्हणून आम्हाला शिकवलं होतं की घाई करू नका, वाट बघा. मीही तेच सांगत असे, आणि वाट पाहण्यात मी एका मुलीचा डोळा घालवला.

तिचं नाव वनिता. माझा दवाखाना तेव्हा नवा होता, भिंतींना चुन्याचा वास येत होता. तळ्याजवळच्या एका गावातून तिचे वडील तीन महिन्यांच्या पोरीला घेऊन आले. भाताची शेती करणारा माणूस, एरवी फार बोलणारा नसावा. त्यांनी टॉवेल बाजूला केला आणि म्हणाले, "बघा बाई, ह्या पापनीवर रातांबा धरलाय."

खरंच तसंच दिसत होतं. डाव्या वरच्या पापणीवर पिकायला लागलेल्या छोट्या रातांब्यासारखी, कोकमाच्या फळासारखी, लाल-जांभळी गाठ, आणि तिच्या वजनानं अर्धा डोळा मिटलेला. मी ती दाबून पाहिली, ती मऊ होती. मोठ्या रुबाबात सांगितलं, "काही करू नका. आपोआप जाईल." औषध नाही, टाके नाहीत, मुंबईची फेरी नाही. त्या माणसानं माझ्या पायाला हात लावला.

आणि गाठ गेली. चौथ्या वर्षी वनिताला घेऊन ते परत आले तेव्हा कोणती पापणी हे शोधावं लागत होतं. त्यांनी घरच्या तांदळाचे पोहे आणले होते, आणि मी ते एखाद्या बक्षिसासारखे घेतले. तान्हेपणीचा तिचा एक फोटो माझ्याकडे होता, त्याच्याशेजारी मी नवा फोटो लावला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवू लागले. डॉक्टर लोक असे फोटो दाखवतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव असतो तो माझ्याही असणार.

पुढे चार वर्षांनी त्यांच्या शाळेत डोळे तपासायला गेले. मास्तरांनी फळ्यावर मोठी मोठी अक्षरं काढून दिली होती. वनिताची पाळी आली. उजव्या डोळ्यानं तिनं शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचली. मग मी तिचा उजवा डोळा तळहातानं झाकला आणि म्हटलं, "हं, आता वाच."

तिनं मान पुढे काढली आणि हळूच विचारलं, "बाई, फळा पुसला काय?"

फळा कुणी पुसला नव्हता.

इथं जरा समजावून सांगते, कारण या लेखाचा जीव या एवढ्याशा गोष्टीत आहे. आपण म्हणतो डोळा पाहतो. डोळा फक्त चित्र पाठवतो, पाहतो तो मेंदू, आणि पाहणं हे मेंदूला चालण्या-बोलण्यासारखं शिकावं लागतं. हे शिक्षण पहिल्या काही वर्षांतच होतं, आणि त्यातले पहिले महिने सगळ्यांत मोलाचे. पापणीवरच्या गाठीनं बाहुली झाकली किंवा नुसतं बुबुळावर दाबून त्याचा आकार जरा बिघडवला, तरी त्या डोळ्याकडून मेंदूला पुसट चित्र जातं. दुसरा डोळा स्वच्छ चित्र पाठवत असतो. मेंदू काही दिवस दोघांचं ऐकतो आणि मग पुसट चित्र पाठवणाऱ्याचं नाव हजेरीपटावरून काढून टाकतो. पुढे गाठ गेली, डोळा आरशासारखा स्वच्छ झाला, तरी मेंदू त्याला परत वर्गात घेत नाही. याला आम्ही आळशी डोळा म्हणतो. मला ते नाव कधी आवडलं नाही. तो डोळा आळशी नव्हता, त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

आठव्या वर्षीही वनिताच्या चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून पाहिली, चष्मा दिला. दोन ओळी सुधारल्या, पुढे गाडी हलेना. तिच्या वडिलांना मी काय सांगितलं? "नशीब म्हणायचं." माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत भित्रं वाक्य आहे ते. वाट बघा म्हणणं त्या काळात चूक नव्हतं, पुस्तकातच तसं होतं. पण वाट पाहताना दर महिन्याला डोळ्याचा नंबर मोजायचा असतो, डोळा बघतोय की नाही ते तपासायचं असतं, आणि बिघडतंय असं दिसलं की वाट पाहणं सोडायचं असतं. मी गाठीकडे पाहत राहिले, डोळ्याकडे पाहिलं नाही. त्या दिवशी घरी येऊन दोन्ही फोटो भिंतीवरून काढले. पण माफी मागितली नाही, ना तिची, ना वडिलांची.

पुढे मुलगी कुठं गेली, काय करते, याची चौकशीही केली नाही. करायचा धीर नव्हता.

साधारण तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळची ओपीडी संपत आली होती. निळसर साडीतली एक आशाताई दोन बायकांना घेऊन आत आली. त्यांतली वयस्कर बाई खैरूनबी, समुद्राकाठच्या एका मोहल्ल्यातली. तिच्यामागे तिची सून सना, आणि सनाच्या कुशीत दुपट्यात गुंडाळलेलं सहा आठवड्यांचं बाळ. आशाताईनं दुपटं बाजूला केलं. डाव्या पापणीवर तोच रंग. मी मान वर करायच्या आधीच ती म्हणाली, "बाई, हिला बी आपोआप जाईल म्हनू नका."

मी तिच्याकडे पाहिलं. डावी पापणी किंचित सैल होती.

"वनिता?"

"व्हय. सासर हितलंच हाय माझं. ह्या वाड्या माझ्याच कामात येतात." आणि जणू काही झालंच नाही अशा आवाजात पुढे म्हणाली, "पोरीचं नाव झोया. जल्मली तवा कायच नव्हतं. दर आठवड्याला जाऊन बघते, तर ह्या आठवड्यात दुप्पट झालंय. म्हनून उचलूनच आनली."

मला बसायला सांगण्याचंही सुचलं नाही. मी बॅटरी घेतली आणि पहिल्यांदा गाठीकडे नाही, डोळ्याकडे पाहिलं.

मधल्या काळात जग बदललं होतं. या गाठीवर आता एक औषध मिळतं, आणि ते कसं सापडलं याची गोष्ट ऐकली तेव्हा मी ती पुन्हा सांगायला लावली होती. कुठल्याशा देशात एका बाळाला हृदयाच्या त्रासासाठी एक जुनं, साधं, रक्तदाबाचं औषध दिलं. बाळाच्या तोंडावर अशीच गाठ होती. औषध हृदयासाठी दिलेलं आणि फिकी पडू लागली गाठ. कुणीतरी डोळे उघडे ठेवून ते पाहिलं, म्हणून जगभरातल्या बाळांच्या पापण्या उघडल्या. आमच्या गल्लीतले आजोबा रक्तदाबासाठी जी गोळी घ्यायचे, त्याच जातीचं औषध थेंबाथेंबानं मोजून तान्ह्या बाळाला द्यायचं.

अर्थात हा पोरखेळ नाही. एवढ्याशा जिवाचं हृदय आधी तपासावं लागतं. मी त्यांना त्याच दिवशी चिठ्ठी देऊन मुंबईला बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. पहिले डोस तिथं, बाळाला दवाखान्यात ठेवून, दिले गेले. परत आल्यावर मी सनाला बसवून एकच गोष्ट तीनदा वदवून घेतली: आधी दूध, मग औषध. बाळ दूध प्यायलं नाही, उलटी झाली, छाती घरघरली, तर त्या वेळचं औषध द्यायचं नाही आणि लगेच कळवायचं, कारण उपाशीपोटी या औषधानं रक्तातली साखर उतरते. सना हुशार मुलगी. तिसऱ्यांदा म्हणाली, "डॉक्टर, पाठ झालंय, आता परीक्षा घेऊ नका."

आणि मग मी ते पाहिलं. तिसऱ्या दिवशीच लाल रंग निवायला लागला होता. दोन आठवड्यांत गाठ मऊ पडली. दर खेपेला मी झोयाला हातात घ्यायची, पापणीला बोट लावायची आणि मनात म्हणायची, कुठं चाललंय हे सगळं? पस्तीस वर्षं डोळ्यांचं काम केलेली बाई मी, पण त्या पापणीसमोर नुकतीच कॉलेजात आलेली पोरगी होत होते. खैरूनबी दर वेळी "माशाल्ला" म्हणून माझ्या टेबलावर बोटं टेकवायची. देव मानायचा की नाही हे माझं कधी पक्कं झालेलं नाही, पण त्या दिवसांत मीही मनातल्या मनात टेबलावर बोटं टेकवत होते.

गाठ उतरली तरी डोळ्यावर तिनं दाबल्याची खूण राहिली होती. बुबुळाचा आकार थोडा बिघडला होता, आणि झोया सगळं उजव्या डोळ्यानं पाहत होती. सहाव्या महिन्यात मी तिला पिटुकला चष्मा दिला आणि पट्टी सुरू केली. चिकटणारी, अंड्याच्या आकाराची पट्टी, रोज दोन तास, उजव्या डोळ्यावर. चांगला डोळा झाकायचा म्हणजे मेंदूला दुसऱ्याचं ऐकणं भाग पडतं.

"चांगला डोळा झाकायचा?" खैरूनबीनं दोनदा विचारलं.

"चांगलाच," मी दोनदा सांगितलं.

दोन महिन्यांनी, दुपारच्या ओपीडीला, त्या परत आल्या, वनिताही बरोबर होती. तपासायची रीत सोपी आहे. बाळाचा एक डोळा झाकायचा. दुसऱ्यानं दिसत असेल तर बाळ खेळत राहतं. दिसत नसेल तर रडतं, हात झटकतं. मी झोयाचा उजवा डोळा झाकला, तर ती अशी किंचाळली की बाहेरचे पेशंट दारात आले. डावा डोळा पहिल्यापेक्षा मागे गेला होता.

मला काही उलगडेना. औषध बरोबर, चष्मा बरोबर, रोज पट्टी लावतो असं त्या शपथेवर सांगत होत्या. मग मी चष्मा काढला, खिडकीपाशी उजेडात तिचं तोंड वळवलं आणि पाहिलं. पट्टीच्या चिकटपणानं तान्ह्या कातडीवर लालसर कडा उमटते. ती अंड्याच्या आकाराची कडा डाव्या डोळ्याभोवती होती. उजव्याभोवती काहीच नव्हतं.

माझा आवाज चढला. काय बोलले ते इथं लिहीत नाही, कारण निम्मं मी त्या बायकांना बोलत होते आणि निम्मं स्वतःला. सना खाली मान घालून रडायला लागली. खैरूनबी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, आणि शेवटी म्हणाली, "डॉक्टरीणबाय, माझ्या पोराला ठावं नाय."

"काय ठाऊक नाही?"

"गाठीचं. कायच ठावं नाय त्याला."

हळूहळू सगळं बाहेर आलं. तिचा मुलगा, झोयाचा बाप, इरफान, दोह्याला बांधकामावर होता. झोया पोटात असतानाच गेलेला. या किनाऱ्यावरच्या, आखाताकडे माणूस असलेल्या घरांत एक रीत आहे: तिकडच्याला इकडची वाईट खबर द्यायची नाही. तो काय करणार तिथं बसून? झोप उडेल, कामावर हात कापेल, नाहीतर सगळं टाकून परत येईल. खैरूनबीच्या नवऱ्याच्या काळात मयताची बातमीसुद्धा महिन्यानं कळवली जायची. तेव्हा पत्रं होती, लपवणं सोपं होतं. आता रोज दुपारी चार वाजता, त्याच्या जेवणाच्या सुट्टीत, व्हिडिओ कॉल येतो. म्हणून इतके महिने झोयाचा फक्त उजवा गाल दाखवला जात होता. मुंबईला नेलं ते टोचायला नेलं म्हणून सांगितलं. गाठ ओसरली, पण पापणी अजून लाल होती, आणि आता आली पट्टी. दिवसातला तोच वेळ बाळ जागं, शांत असायचं, म्हणून पट्टीही चारलाच. उजवा डोळा झाकला तर बापाला दिसणार ती डावी पापणी. मग खैरूनबीनं तोड काढली. कॉलपुरता चष्मा काढायचा आणि पट्टी डाव्यावर लावायची, लाल पापणीही झाकली जाते. बापाला सांगायचं की डोळा आलाय, बरा व्हायला वेळ लागतोय.

"चांगला डोला त्याच्यासमोर असला की तो हसतो," ती म्हणाली. "म्हटलं, दोन घंट्यांनी काय व्हतंय. मना वाटला, पट्टी ती पट्टी."

दोन महिने रोज दोन तास, आम्ही जो डोळा जागवायला निघालो होतो तोच बांधून ठेवला होता, आणि तोही मायेपोटी. माझा राग कुठं ठेवू ते मला कळेना.

वनिता इतका वेळ दाराशी उभी होती. ती येऊन खैरूनबीच्या समोर खाली बसली.

"दादी, माझ्या तोंडाकडं बघा. कंचा डोला बिघडलेला हाय, सांगा."

खैरूनबीनं डोळे बारीक केले. "दोन्ही तर झ्याक हायत तुझे."

"मला बी अशीच गाठ व्हती. रातांब्यावानी. ती गेली, समदी बोलली बरं झालं." तिनं उजवा डोळा हातानं झाकला. "आता तुमी हायत येवढं कळतंय. तोंड हाय ते कळतंय. नाक-डोले न्हाय दिसत. गाठ गेली, पन जाताना डोला घेऊन गेली. माझ्या बापाला कुनी सांगितलं न्हाय. कळलं तवा मी आठ वर्सांची व्हते."

कुनी सांगितलं न्हाय. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"सांगायला पायजे दादी. बाप हाय तो," वनिता म्हणाली.

चारला अजून तास होता. मी त्यांना जाऊ दिलं नाही. चहा मागवला, तो कुणी प्यायला नाही. बरोबर चार वाजता फोन वाजला. सना घ्यायला गेली, पण खैरूनबीनं तो तिच्या हातातून घेतला, समोर धरला, आणि झोयाचं तोंड पूर्ण वळवलं. डावी बाजू, लाल पापणी, चष्म्यामागून.

"इरफान, बेटा, अम्मीनं तुझ्यापासून एक गोष्ट छपवली."

तिनं सगळं सांगितलं. पडद्यावर पिवळं हेल्मेट घातलेला एक तरुण चेहरा होता, मागे सिमेंटचे खांब. मग त्यानं आईला नाही, बायकोला नाही, मला विचारलं.

"डॉक्टर, तिला मी दिसतो काय?"

इतक्या वर्षांत मला नंबर विचारलेत, ऑपरेशन कधी विचारलंय. असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. खोटं बोलायचा त्या घरातला दिवस संपला होता.

"उजव्यानं दिसता. डाव्यानं अजून नाही म्हणायला हवं. पण वेळ गेलेली नाही. तीच तर धावपळ चाललीय."

"मग लावा पट्टी. आता लावा. माझ्यासमोर."

मी उजव्या डोळ्यावर पट्टी लावली. झोयानं आकांत मांडला. इरफान तिकडून हाका मारू लागला, शिट्टी वाजवू लागला, डोक्यावरचं पिवळं हेल्मेट काढून कॅमेऱ्यासमोर हलवू लागला. रडणं हुंदक्यांवर आलं. ती पडद्याकडे वळली. पण ती आवाजाकडे वळली की हेल्मेटकडे, हे मला कळायला हवं होतं. मी फोनचा आवाज बंद केला.

"आता बोलू नका," मी इशाऱ्यानं सांगितलं. "नुसतं हेल्मेट हलवा. हळू. या बाजूनं त्या बाजूला."

त्यानं हलवलं. झोयाचा डावा डोळा आधी भलतीकडेच भिरभिरला, मग अडखळला, मग त्या पिवळ्या ठिपक्यापाशी आला. हेल्मेट सरकलं. डोळा मागे राहिला. आणि मग, नवं चालणारं पोर पाऊल टाकतं तसा, एक झटका घेऊन त्याच्यामागे गेला.

फार तर दोन बोटं अंतर. समुद्रापलीकडे एक माणूस वाळवंटात हेल्मेट हलवत होता आणि इथं पापणीखाली एक डोळा पहिल्यांदा त्याच्यामागे निघाला होता. मी आवाज परत सुरू केला आणि म्हटलं, "दिसलात. आत्ता, थोडेसे, पण दिसलात." तो हेल्मेटमागे तोंड लपवून रडला. खैरूनबी फोनवर हात फिरवत राहिली, जणू त्याच्याच डोक्यावरून.

त्या दिवसापासून चारचा कॉल हीच पट्टीची वेळ झाली, उजव्या डोळ्यावर. जो कॉल डोळ्याच्या मुळावर उठला होता, त्यालाच आम्ही शिकवणीला लावलं. इरफान रोज काहीतरी घेऊन बसायचा. कधी हेल्मेट, कधी लाल डबा, पुढे पुढे चमचा, मग पेन. वस्तू लहान करत न्यायच्या हे त्यानं मला न विचारताच ओळखलं. झोया रडली तर तो स्वतःच्या उजव्या डोळ्यावर कागद चिकटवून बसायचा. सुट्टी संपली की उरलेला वेळ खैरूनबी पोरीला अंगणात बसवून शंख-शिंपले वेचायला लावी. वनिता अधूनमधून न सांगता जाऊन पट्टी कुठल्या डोळ्यावर आहे ते बघून यायची. खैरूनबी म्हणायची, "ही मेली पोलीस हाय."

औषध बंद झालं, गाठ गेली. पट्टीचे तास कमी करत आणले. दर खेपेला डावा डोळा थोडा पुढे सरकलेला असायचा, आणि दर खेपेला मी तितकीच चकित व्हायची. सवय होईल असं वाटलं होतं. झाली नाही.

गेल्या महिन्यात तिची तपासणी होती. आता ती तीन वर्षांची होत आलीय, बडबडी, हट्टी, बापाच्या वळणावर. या वयाच्या पोरांना अक्षरं येत नाहीत, म्हणून मी बडीशेपेच्या रंगीत गोळ्या ठेवते. राईच्या दाण्याहून जराशा मोठ्या. पांढऱ्या कागदावर दोन-चार टाकायच्या, चांगला डोळा झाकायचा, आणि पोर त्या वेचतं का बघायचं.

मी झोयाच्या उजव्या डोळ्यावर पट्टी लावली. तिनं हात झटकला नाही. वनिता तिच्यासमोर जमिनीवर बसली होती, आणि तिला काय वाटलं कोण जाणे, तिनंही आपला उजवा डोळा तळहातानं झाकला.

मला राहवलं नाही. तीस वर्षं न बोललेलं अचानकच बाहेर आलं. "वनिता, तुझ्या वेळी मी चुकले गं. मी नीट पाहिलं नाही. तुझ्या बाबांना सांगितलंही नाही."

तिनं डोळ्यावरचा हात काढला नाही. "ठावं हाय बाई. म्हनून तर हिला तुमच्याकडंच आनली. दुसरा कोन इतक्या घाईनं बघनार व्हता?"

मग ती कागदावर वाकली. "मला तर कोराच दिसतोय कागूद. झोया, हाय काय त्यावर काय?"

झोयानं तिच्याकडे, एवढ्या मोठ्या बाईला एवढं साधं कळत नाही, अशा नजरेनं पाहिलं. मग दोन बोटांची चिमूट करून, एकदाही न चाचपडता, कागदावरचा एक दाणा उचलला.

"लाल," ती म्हणाली.

"खरंच लाल हाय?"

उत्तर द्यायच्या भानगडीत न पडता झोयानं तो दाणा वनिताच्या तोंडात टाकला. वनितानं तो चावला. हात अजून डोळ्यावरच होता, आणि त्याच्याखालून गालावर पाणी येत होतं.

"व्हय गं," ती म्हणाली. "लालच हाय."